इंजिनाची तहान

डिचोलीत माझं काम कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "खेळण्यातलं इंजिन? तेही बिघडतं?" मी आता खुलासे करणं सोडून दिलंय. खेळण्यातलं म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. ते खऱ्या वाफेवर चालतं, कोळसा खातं, पाणी पितं, आणि त्याच्या पोटात तांब्याचा बॉयलर असतो. तो गळायला लागला की माझ्याकडे येतो.

आमचं घराणं तांब्याचं काम करणाऱ्यांचं. बाबांनी जन्मभर काजूच्या भट्ट्यांवरच्या भाणी दुरुस्त केल्या. भाण म्हणजे काजूचा रस उकळून फेणी काढायचं मोठं पोटाळ भांडं. आंघोळीचं पाणी ज्यात तापतं तेही भाणच. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकले, खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागले, आणि खाण बंद पडल्यावर बाबांच्या शेडमध्ये येऊन बसले. बाईच्या हातातली गॅसची ज्योत लोकांनी फक्त स्वयंपाकघरात पाहिलेली, त्यामुळे सुरुवातीला येणारा प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून बघत "बाबा आहेत का?" असं विचारायचा. बाबा आहेत, अगदी ठणठणीत आहेत, पण तांब्यावर हातोडा मारून मारून त्यांचे कान गेले. फोन शेजारी वाजला तरी त्यांना पत्ता लागत नाही. आमच्याशी बोलतात ते ओठ बघून.

या इंजिनांच्या नादाला मला लावलं ते चोपड्याच्या एका काकांनी. ते बोटीवर इंजिनियर होते. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी नदीकाठच्या आपल्या कुळागरात, माडांच्या मधून, वीतभर रुंदीचे रूळ टाकले आणि गुडघ्याएवढं काळं इंजिन स्वतःच्या हातांनी बांधलं. त्याच्या मागच्या डब्यावर बसून ते बागेतून फेऱ्या मारायचे. तांब्याचे पत्रे वाकवून हवेत म्हणून ते आधी बाबांकडे आले. चांदीच्या डाखाने बॉयलर कसा सांधायचा हे मात्र त्यांनी मला शिकवलं, आणि शिकवताना इतकं ओरडले की बाबांनाही ऐकू गेलं असेल. "तुझी भाण गळली तर फेणी सांडेल, हा गळला तर माणूस मरेल," असं म्हणायचे. पुढे मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसवाल्याने बागेत असंच इंजिन आणलं, मग कुठून कुठून पार्सलं येऊ लागली, आणि माझा संसार यावर चालू लागला.

गेल्या वर्षी काका गेले. जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मुलगी पुण्याला, म्हणून त्या घरात काकी एकट्या राहिल्या. यंदा पाऊस सरून ऊन तापायला लागलं आणि त्यांचा फोन आला.

"बाय, तू जरा येशीत?"

"काय झालां काकी?"

"इंजिन बोलूक लागलां."

मी हसले. काकी हसल्या नाहीत.

"काय बोलता?"

"तू ये. तुझ्या कानान ऐक. मगे सांग."

शिवोलीचा पूल ओलांडून मी चोपड्याला पोचले तेव्हा काकी माझी वाट बघत नव्हत्या. वाट बघत होते त्यांचे दीर. त्यांचं घर त्याच खळ्यात, म्हणजे अंगणात, पलीकडच्या बाजूला. चांगला माणूस आहे. वहिनीला रोज मासळी आणून देतो, विजेचं बिल भरतो. त्यांनी मला खळ्याच्या कडेलाच थांबवलं आणि आवाज खाली आणून सगळं सांगून टाकलं.

"नवरात्रीपासून चालू आसा. दुपार झाली काय शिट्टी वाजता. इंजिन बंद, आग नाय, कोळसो नाय, शेडीत मनीस नाय, आणि शिट्टी वाजता. आमची सून पोराक घेवन दुपारची खळ्यात पाय ठेवणा नाय. जाग्याच्या राखणदार देवाक रोट दिलो, विडी दिली, सोऱ्याची बाटली दिली. थांबूक नाय. मगे देवाक कौल लायलो."

"देव काय म्हणालो?"

"घरात कायतरी आडकान पडलांहा, तेका वाट करून दिया."

त्यांनी नदीकडे बघितलं. "आमी ठरवलांव. जत्रेआदी थांबलां तर बरां. नायतर इंजिन न्हंयत सोडतलंव, घराक कुलूप लायतलंव आणि वैनीक लेकीकडे धाडतलंव. एकटी बाईमाणूस, असल्या घरात कशी ऱ्हवतली? तू सांग."

हे काकींनी फोनवर सांगितलं नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ज्या बाईने एक महिना सलग बाहेर काढलेला नाही, तिला पुण्याच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं, आणि तेही एका शिट्टीपायी. मला दिरांचा राग आला. पण बोलताना ते सारखे इंजिनाच्या शेडकडे वळून बघत होते, ते दिसल्यावर राग धरता येईना.

काकी इंजिनाच्या शेडमध्येच बसल्या होत्या. पूर्वीचा तो गोठा. रूळ बागेतून फिरून तिथे आत येतात आणि संपतात. काकींनी आपलं बसायचं लाकडी कदेल इंजिनाच्या समोर टाकलं होतं आणि पायाशी पितळेचा तांब्या भरून ठेवला होता. मला बघून त्यांनी फक्त बाजूच्या बाकाकडे हात केला. कोणी देवळात उशिरा आलं की पुढे बसलेली माणसं हात करतात, तसा.

आम्ही बसून राहिलो.  दुपारी चोपड्याला एक वेळ अशी येते की कावळेसुद्धा गप्प होतात. नदीवरचा वारा पडतो, माडाचं झाप हलत नाही. शेडमध्ये छपरातून उन्हाचा एक चौकोन इंजिनाच्या पाठीवर पडला होता आणि काळा रंग तापून त्याला तेलाचा वास यायला लागला होता. काकांच्या अंगाला हाच वास यायचा. मी मुद्दाम मोबाईल काढून बघायला लागले.

आधी टिक् असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा टिक्. तापणारं तांबं असं बोलतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे, त्याने माझं काही होत नाही. मग शिट्टी वाजली.

काका वाजवायचे ती नव्हे. ती नदीपलीकडे ऐकू जायची. ही बारीक, लांबलेली, मधेच तुटणारी होती. ओठ कोरडे पडलेल्या माणसाने कुणाला तरी हाक मारायला बघावं, तशी. मी उठून उभी राहिले. कधी उठले ते मला कळलं नाही. पलीकडच्या घरात कोणीतरी धाडकन जनेल लावून घेतलं.

"थांब," काकी म्हणाल्या. "आता रडतले."

इंजिनाच्या मागच्या बाजूला, भट्टीच्या दाराच्या जरा वर, पाण्याचा एक थेंब फुगत गेला आणि घरंगळला. त्याच्या शेजारी दुसरा. काळ्या रंगावरून दोन ओल्या रेघा खाली उतरल्या. काकींनी पदराने त्या पुसल्या, अगदी सवयीने, लहान मुलाचं नाक पुसावं तशा. माझ्या अंगावर काटा आला तो त्या शिट्टीने नव्हे, या पुसण्याने.

"काकी, हे काय करतास?"

"त्या काचेत बघ."

बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची उभी नळी इंजिनाच्या पाठीमागे असते. पाणी नळीच्या निम्म्यावर होतं.

"आज सकाळी मी गळ्यापर्यंत भरललंय. रोज भरतंय. हे रोज तांब्याभर पाणी पितत."

"हे म्हणजे कोण?"

"हे म्हणजे हेच गो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी ठरले. "हेंका तान लागता."

मला भीती वाटली की मी चिडते. हा माझा स्वभाव, त्याला औषध नाही. आत पाणी भरायला तुम्हाला कोणी सांगितलं, असं मी जवळजवळ ओरडलेच. बॉयलर ठेवून द्यायचा असतो तेव्हा त्यातलं पाणी पूर्ण काढायचं असतं. काका स्वतः काढायचे, सगळ्या तोट्या उघड्या टाकायचे. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

काकी शांतपणे म्हणाल्या, "तेराव्याक घरातलां सगळां तांबां कोकमाच्या सोलांनी घासून भरललांव. तांब्याचां भांडां कोणी रितां ठेवतत? आणि तां पण मेल्या माणसाच्या घरात?"

 आमच्या शेडमधून दुरुस्त झालेली भाण रिकामी कधीच बाहेर पडत नाही. बाबा मूठभर तांदूळ आत टाकूनच ती देतात. आमच्याकडे तांबं रितं ठेवत नाहीत. तेराव्याला काकींनी कळशा भरल्या, घागर भरली, न्हाणीतली भाण भरली, आणि मग त्यांना हे आठवलं. काका गमतीने म्हणायचे ना, ही आमची चाकं लावलेली भाण. काकींनी वरची टोपी काढली, गळ्यापर्यंत विहिरीचं पाणी ओतलं आणि टोपी घट्ट बसवली. दुसऱ्या दिवशी बघतात तर पाणी कमी. तेव्हापासून वर्षभर रोज सकाळी तांब्या घेऊन त्या शेडमध्ये येत होत्या. शिट्टी यंदाची. पाणी पिणं वर्षाचं. आणि हे त्यांनी दिराला सांगितलं नव्हतं, लेकीला सांगितलं नव्हतं, कुणालाही सांगितलं नव्हतं.

"सांजचां पण ऐक," त्या म्हणाल्या. "मगे जा."

म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबले. मनातून नको होतं. तिन्हीसांजेला काकी तुळशीकडे दिवा लावायला गेल्या आणि शेडमध्ये मी एकटी उरले. ऊन केव्हाच सरलं होतं. इंजिन गार होत होतं. आणि मग त्याने श्वास घेतला. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. हळूच, लांब, दातांतून हवा आत ओढल्यासारखा आवाज आला, थांबला, आणि पुन्हा थोडा आला. कुणीतरी दिवसभर बाहेर हिंडून घरी येतं, टेकतं, तसा. मी देवाधर्मातली नाही, तरी शेडच्या बाहेर येऊन तुळशीपाशी उभी राहिले आणि काकींचा हात धरला.  मोकळ्या हाताने त्या वात सारत राहिल्या.

मग मला स्वतःचीच लाज वाटली. टॉर्च घेऊन मी आत गेले, जमिनीवर आडवी झाले आणि इंजिनाखाली डोकावले. खालची माती ओली होती. रुळांच्या मधोमध शेवाळ माजलं होतं आणि त्यात बारीक नेचे उगवले होते. वर्षभराचं तांब्या तांब्या पाणी तिथे गेलं होतं. भट्टीचे दोन पत्रे एकमेकांना धरून ठेवायला तांब्याच्या आडव्या सळया असतात. त्यांतल्या दोन सळयांची डोकी झिरपत होती. काकांनीच कधीतरी, बहुतेक घाईत, तिथे चांदीऐवजी शिशाचा डाख मारून वेळ भागवली होती आणि तो आता तडकला होता. माझ्यावर ओरडणारे काका! त्या अंधारात, त्या ओल्या मातीत पडून मला हसू आलं.

मग वर बघितलं. छपराची तीन-चार कौलं जाऊन तिथे पांढऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा बसवलेला होता, अगदी इंजिनाच्या पाठीवर येईल असा. पावसात कौलं फुटली म्हणून दिरांनीच तो बसवून घेतला होता. पाऊस होता तोवर काही नव्हतं. ऊन पडलं आणि सगळा खेळ सुरू झाला. गळ्यापर्यंत भरलेल्या बंद बॉयलरवर ऊन पडतं, पाणी फुगतं, वर उरलेली मूठभर हवा दाबली जाते. शिट्टीच्या झडपेतली गोळी झिजलेली, तिथून ती हवा बाहेर पडते. पाण्याला जिथे वाट मिळेल तिथून ते येतं. संध्याकाळी गार झालं की तीच झडप हवा आत ओढते. कौल देणाऱ्या देवाने तर माझ्याआधीच निदान केलं होतं. घरात काहीतरी अडकून पडलंय, त्याला वाट करून द्या. बॉयलर तपासणाऱ्याने वेगळं काय सांगितलं असतं?

दिरांना मी हे खळ्यातच समजावून दिलं. त्यांना पटलं असं त्यांनी म्हटलं, पण पत्र्याचा विषय निघाल्यावर मान दुसरीकडे वळवली. "तू तां वाजायचां बंद कर," एवढंच म्हणाले. "वाजलां नाय तर वैनीक कोण हालवता?"

काकींना सांगायचं होतं ते वेगळं होतं. मी चुलीपाशी बसून सांगितलं. ऊन, पाणी, हवा, झडप, सळया. त्या ऐकत होत्या आणि पोदेराकडचे उंडे पाव चहाबरोबर माझ्यापुढे सरकवत होत्या.

"म्हणजे हे पिणत नाय?"

"नाय काकी. पाणी खाली मातयेत जाता."

त्यांनी हातातला उंडा परत टोपलीत ठेवला. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "काकी, मी गळती बुजवली काय पाणी कमी होवचां नाय. शिट्टी वाजायची नाय. काय्येक होवचां नाय. तुमका चलात? नको तर नको. मी इंजिन असांच ठेवन जातंय."

"आणि जत्रेच्या आदी माका पुण्याक धाडतले."

"होय."

काकींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "हेंका आता घर नको," त्या म्हणाल्या. "माका व्हया. बुजव तू."

इतक्या साध्या आवाजात कुणी इतकं मोठं काही बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या सांगाड्यापासून बॉयलर सोडवला. व्हॅनमध्ये चढवायला दिरांनी हात लावला, पण आधी त्यांनी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. त्यांच्या मुलानेही "होय म्हाराजा" म्हटलं, आणि शेवटच्या "होय म्हाराजा"ला मी सुद्धा म्हटलं. गाडी चालवताना मागे सतत पाणी हिंदकळत होतं. सगळं काढलं होतं मी, तरी कुठेतरी थोडं उरलं होतं.

डिचोलीला आणल्यावर पहिलं काम त्या शिशाचं. जुन्या शिशाचा कण जरी राहिला तरी मोठ्या आगीत तो वितळून तांब्यात शिरतो आणि तांबं खातो. बाहेरून काही दिसत नाही, पत्रा आतून मरतो. म्हणून खरवडायचं, कानशीने घासायचं, पुन्हा खरवडायचं. माझी बोटं सोलवटून निघाली. मग सोलांच्या आंबट पाण्याच्या टबात बॉयलर बुडवून ठेवला. बाजारात त्याला दुसरी पावडर मिळते, पण आमच्या घरात तांबं सोलांनीच उजळतं आणि मला त्यात काही कमी दिसलेलं नाही.

तो टबात होता त्या दुपारची गोष्ट. मी दारात बसून जेवत होते. बाबा आत बाकावर बसून एका कळशीचा काठ ठोकत होते. ठोकणं थांबलं. मी मान वळवली तर बाबा हातोडा वर धरून तसेच बसले होते, डोकं एका बाजूला कलवून.

"शिट्टी कोण मारता गो?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. रस्त्यावर गाडी नव्हती, शाळा सुटायला वेळ होता. बॉयलर टबात पाण्याखाली होता, त्याची सगळी भोकं उघडी होती, आणि शिट्टी सुटी करून मी कपाटात डब्यात ठेवली होती. चोपड्याच्या शिट्टीबद्दल मी बाबांना एक अक्षर बोलले नव्हते. त्यांना सांगायचं म्हणजे समोर बसून एकेक शब्द ओठांनी तोडून सांगावा लागतो आणि मला ते तसं सांगायचं नव्हतं.

"कोणी नाय, बाबा."

त्यांनी माझे ओठ वाचले. मग टबाकडे बघितलं. "माका आयकू आयली," असं म्हणाले, आणि त्यांना काही ऐकू आलं याचाच आनंद होऊन पुन्हा ठोकायला लागले. मी ताट तसंच ठेवलं. याचा अर्थ मी अजून लावलेला नाही. ऊन, पाणी, हवा, झडप, यांतलं काहीच तिथे नव्हतं.

सळयांची डोकी मी चांदीने सांधली. बॉयलर लाल झाला, डाख वितळून सांध्याभोवती गोल फिरला, आणि सांधा बसला. शिट्टीच्या झडपेत नवी गोळी घातली. मग परीक्षा. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपाने आत दाब वाढवत न्यायचा. वाफेवर चालताना असतो त्याच्या दुप्पट. काटा तिथे थांबला पाहिजे आणि थांबून राहिला पाहिजे. मी एरवी त्याच्यासमोर ठाण मांडून बसते. या वेळी मला तिथे बसवेना. मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला, उगाच भांडले, परत आले. काटा तिथेच होता. इतका घट्ट सांधा मी आधी कधी घातला नव्हता. काकांनी सुद्धा नाव ठेवलं नसतं.

निघताना बाबा मूठभर तांदूळ घेऊन आले. बॉयलरमध्ये तांदूळ टाकले तर नळ्या तुंबतील, हे मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तांदूळ भट्टीच्या रिकाम्या पोटात टाकले. तिथे चालतील म्हणाले. तिथे चालले.

चोपड्याला सगळं पुन्हा जोडेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आता रीत अशी की पाणी काढून टाकायचं आणि तोट्या उघड्या ठेवायच्या. काकी बाजूला उभ्या होत्या. मी पाणी काढलं नाही. निम्मंच भरलं, आणि वरची टोपी सैल ठेवली, म्हणजे तापलं तरी आत काही कोंडणार नाही. बॉयलरच्या तांब्याला ते बरं नाही, हे मला कळतं. कधीतरी येऊन बदलीन पाणी. काचेच्या नळीवर जिथे पातळी आली तिथे मी बोट ठेवून काकींना दाखवलं, आणि त्यांनी देवघरातून आणलेल्या कुंकवाच्या बोटाने तिथे एक टिकली लावली. पत्रा काढून कौलं घालतो असं दीर म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनीच दुपारी इथे येऊन बसावं आणि बघावं, असं मला वाटत होतं.

ते आले. त्यांची बायको आली, मुलगा आला. सून मुलाला कडेवर घेऊन खळ्याच्या पलीकडे दारात उभी राहिली. काकी कदेलावर बसल्या, पायाशी तांब्या. उन्हाचा चौकोन इंजिनाच्या पाठीवर चढला. टिक् झालं. सगळ्यांनी श्वास धरला. पुन्हा टिक् झालं. कावळे गप्प होते. चौकोन हळूहळू पुढे सरकत शिट्टीवर आला, शिट्टीवरून पुढे गेला, खाली उतरला, आणि जमिनीवर गेला.

काहीच झालं नाही.

दीर हसायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखे. "वैनी, आता कोण तुमका हालवता बघतंय," असं म्हणून त्यांनी मला खळ्यात जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं. पलीकडून सून निघाली आणि भर दुपारी खळं ओलांडून आमच्याकडे आली, पोराला इंजिन दाखवायला. पोराने चाकाला हात लावला. बायका बोलायला लागल्या. जत्रेला काय करायचं, कुणाला बोलवायचं. घर वाचलं होतं. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

मग सगळे पलीकडे गेले आणि मी हत्यारं गोळा करायला लागले. काकी उठल्या नव्हत्या. त्या पुढे वाकून काचेच्या नळीकडे बघत होत्या. पाणी टिकलीला अगदी चिकटून होतं, केसभरही खाली नाही.

"आज पिवूक नाय," त्या म्हणाल्या.

 सांगून झालं होतं सगळं, आणि त्यांना ते कळलंही होतं.

काकींनी तांब्या उचलला. रोजच्या सवयीने त्या टोपीकडे वळल्या, हात वर नेला, आणि मधेच थांबल्या. आत जागा होती, पण गरज नव्हती. थोडा वेळ त्या भरलेला तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या, कुणाच्या तरी घरी गेल्यावर दार बंद दिसावं तशा. मग त्यांनी तांब्या आपल्याच तोंडाला लावला आणि न थांबता, डोळे मिटून, सगळं पाणी पिऊन टाकलं. शेवटचा घोट संपल्यावर त्यांनी तांब्या खाली घेतला आणि श्वास घेतला.

मी पाना हातात धरून तशीच उभी राहिले. तो आवाज मी ओळखला. तिन्हीसांजेला शेडमध्ये एकटी असताना ऐकलेला, दातांतून आत ओढलेला, लांब, मधे थांबून पुन्हा थोडा येणारा. तोच होता. काकींनी पदराने तोंड पुसलं, रिकामा तांब्या बघितला, आणि तो पुन्हा भरायला विहिरीकडे गेल्या.